भिंतीवरचा कागद

१५ फेब्रुवारी १९८३ या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला एक पत्रक छापायला सांगितले. अटक झालेल्या माणसाला कोणते हक्क असतात, हे त्या पत्रकात लिहायचे. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत ते भिंतीवर लावायचे. ज्याला वाचता येत नाही त्याचे काय? त्याचीही तजवीज निकालात होती. आरोपीला ठाण्यात आणले की लगेच, त्याला कळेल त्या भाषेत ते पत्रक वाचून दाखवायचे.

हा निकाल ज्या अर्जावर लागला तो अर्ज म्हणजे एक साधे पत्र होते. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी हे पत्राने कळवले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. खरेखोटे पाहायला न्यायालयाने वकिलाला पाठवले नाही, पोलीस अधिकाऱ्यालाही नाही. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन या बायकांशी बोलायला सांगितले. कायदेशीर मदतीची सोय अपुरी आहे, हे त्यांच्या अहवालातून पुढे आलेच. शिवाय दोन परदेशी स्त्रियांना एका वकिलानेच नागवल्याची हकिगतही आली. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालात पत्रकाबरोबर इतरही बरेच काही होते. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस, अटक झाली की जवळच्या कायदा मदत समितीला खबर, समितीच्या वकिलांची पंधरवड्यातून एकदा तरी तुरुंगात फेरी.

मला त्या निकालातला सगळ्यात मोलाचा शब्द वाटतो तो ‘वाचून दाखवणे’ हा. पत्रक छापायला पैसा लागतो, पण थोडाच. एकदा छापले की झाले. वाचून दाखवायला मात्र माणूस लागतो. तो रोज लागतो, रात्रीही लागतो. आणि ज्या अंमलदाराने अटक केली त्यानेच ‘तुला वकील मागता येतो’ हे मन लावून समजावून सांगावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. म्हणजे ठाण्याबाहेरचा कोणीतरी हवा. त्याला कायदा माहीत हवा, समोरच्याची भाषा यायला हवी, आणि पुढच्या महिन्यातही तो तिथे असायला हवा. त्याचा पगार कोण देणार? इथे त्या पैशाविषयी बोलायचे आहे. सरकारी तिजोरीतून थोडा येणारा, आणि जिथे सरकार पोचत नाही तिथे धर्मादाय संस्थांच्या अनुदानातून, ट्रस्टांच्या आणि फाउंडेशनांच्या ‘ग्रँट’मधून येणारा पैसा.

आपल्याकडे दानाची परंपरा मोठी आहे. अन्नछत्रे, पाणपोया, धर्मशाळा, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, दवाखाने, गोशाळा. जन्मदात्यांच्या नावाने शाळेला खोली बांधून देणारी माणसे गावोगाव आहेत. पण ‘गरिबाला कायदा कळावा म्हणून’ पैसे देणारा विरळा. कोर्टकचेरीला पैसा म्हणजे भांडणाला पैसा, असे आपण धरून चालतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की ती कोणासाठी आहे, हे विचारायचे राहून जाते. ज्याला पायरी चढायची की नाही हे ठरवता येते, त्याच्यासाठी ती आहे. अटक झालेल्या पोराला, घर रिकामे करायची नोटीस आलेल्या कुटुंबाला, सासरहून हाकललेल्या बाईला ते ठरवता येत नाही. त्यांना कोर्टच बोलावते.

मुंबईत वकिलांनी एकत्र येऊन गरिबांसाठी कायदा मदत संस्था काढली ती १९२०च्या दशकात. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये, मुंबई राज्याने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुक्यापासून राज्यापर्यंत समित्यांची उतरंड तिने सुचवली. (शीला बारसे प्रकरणाचा निकाल देणारे पी. एन. भगवती हे त्यांचेच चिरंजीव.) सूचना चांगल्या होत्या, पण पैशाअभावी बासनात राहिल्या. १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेविषयक मदत ही राज्याची जबाबदारी ठरली. त्यानंतर दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातले होसकोट प्रकरण आले. होसकोट हा विद्यापीठात प्रपाठक होता. बनावट पदव्यांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने त्याची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली होती. त्याचे अपील चार वर्षे उशिरा आले, कारण निकालाची प्रत तुरुंगात त्याच्या हातात पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की कैद्याला निकालाची प्रत मोफत द्या आणि दिल्याची त्याच्याकडून लेखी पोच घ्या. प्रपाठकाची ही गत, तर अंगठा उठवणाऱ्याचे काय होत असेल?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला, पण अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. आज जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती आहे, लोकअदालती भरतात, फौजदारी खटल्यांसाठी लोकअभिरक्षक कार्यालये निघाली आहेत. या कायद्याच्या दोन तरतुदी आपल्या विषयाच्या आहेत आणि फार थोड्यांना ठाऊक आहेत. राष्ट्रीय विधी सहाय्य निधीत केंद्राच्या अनुदानाबरोबर कोणाचीही देणगी स्वीकारता येते. आणि प्राधिकरणाला आपल्या पैशातून स्वयंसेवी संस्थांना ठरावीक योजनांसाठी अनुदान देता येते. म्हणजे कायद्याने दार दोन्ही बाजूंनी उघडे ठेवले आहे: समाजाचा पैसा सरकारकडे यावा आणि सरकारचा पैसा समाजातल्या कामाच्या माणसांकडे जावा.

प्रत्यक्षात किती पैसा फिरतो? २०१७-१८ साली मोफत कायदा मदतीवर देशात दरडोई वर्षाला ७५ पैसे खर्च होत होते. टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने २०१९ पासून निघणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५च्या अंकात हा आकडा ६ रुपये ४६ पैसे आहे. वाढ मोठी आहे, पण सहा रुपयांत आता एक कटिंग चहाही येत नाही. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त टोचतो. २०१९ ते २०२४ या काळात देशातल्या विधी स्वयंसेवकांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली. आपण ज्याला ‘वाचून दाखवणारा’ म्हणतो आहोत, तो हाच स्वयंसेवक. खर्च वाढला आणि माणूस कमी झाला.

हा माणूस काय करतो ते जवळून पाहायला हवे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत कायदेविषयक शिबिर होते. फलक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. एका वक्त्यांनी घरगुती हिंसाचाराचा कायदा सांगितला, दुसऱ्यांनी ग्राहक संरक्षण, तिसऱ्यांनी वाहतुकीचे नियम. सतरंजीवर बसलेल्या बायका ऐकत होत्या. भाषणे वाईट नव्हती, पण कलमांचे आकडे एका कानाने येऊन दुसऱ्याने जात होते. चहा झाला, पाहुणे गाडीत बसले. तेव्हा पन्नाशीची एक बाई नळापाशी उभ्या असलेल्या विधी स्वयंसेविकेजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, त्ये समदं ऱ्हाऊ द्या. माझं नाव सातबाऱ्याला लागंल का, तेवढं सांगा.”

नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. जमीन त्याच्या नावावर. दीर म्हणतो, बाईमाणसाचे नाव लागत नाही.

स्वयंसेविका व्हरांड्यात मांडी घालून बसली आणि वही काढली. “मावशी, मृत्यूचा दाखला आहे का?”

“हाय, पर दिरानं ठेवलाय.”

“राहू दे त्याच्याकडं. दुसरी प्रत ग्रामपंचायतीत मिळते.”

बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले ते मी विसरू शकत नाही. दोन वर्षे एक कागद दिराच्या पेटीत होता आणि त्या कागदापायी ती गप्प होती. तो दुसरीकडेही मिळतो, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. मग पुढचे अर्ध्या तासात झाले. वारस नोंदीचा अर्ज कसा लिहायचा. तलाठ्याकडे दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच, पोचेशिवाय हलायचे नाही. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस असतात. दीर हरकत घेईल, घेऊ दे. सुनावणी लागेल, त्या दिवशी हजर राहायचे. आणि कोणी ‘हक्कसोडपत्र’ म्हणून कागद पुढे केला तर अंगठा द्यायचा नाही, आधी मला फोन करायचा. बाईने प्रत्येक गोष्ट स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवली. ‘पोच’ हा शब्द तिने तीनदा म्हटला.

शिबिराच्या अहवालात उपस्थितांचा आकडा गेला असेल. या अर्ध्या तासाला कुठलाच रकाना नव्हता. पुढे त्या स्वयंसेविकेने तलाठी कार्यालयाच्या तीन फेऱ्या बाईबरोबर मारल्या. तिला मानधन मिळते ते दिवसावर. “शिबिराचा दिवस धरतात, फेऱ्यांचे नाही,” ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. विचारले म्हणून सांगितले. कायद्याचे शिक्षण खरे कुठे होते, असे कोणी विचारले तर मी त्या व्हरांड्याकडे बोट दाखवेन. भाषणातून कायद्याचे नाव कळते. आपल्या कागदावर, आपल्या भांडणात, कोणी शेजारी बसून सांगितले की कायदा कळतो. आणि एका बाईला कळला की वाडीतल्या चौघींना कळतो.

देणगीदाराचा पैसा इथे कामाला येतो. सरकारी योजना आधीपासून असलेल्या रकान्यांत पैसा देते. नवा रकाना पाडायला, म्हणजे एखादे काम करून दाखवायला, कोणालातरी आधी पदरमोड करावी लागते. मुंबईतले याचे सर्वांत चांगले उदाहरण पोलीस आयुक्तालयाच्या आवारातले आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’, ही संस्थाच मुळी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये उभी राहिली. तिने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याआधी एकच वर्ष भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आले होते. कायदा आला होता, पण ठाण्यात आलेल्या बाईला ‘घरचे भांडण घरात मिटवा’ हेच ऐकायला मिळत होते. विशेष कक्षाने पोलिसांच्याच आवारात एक टेबल मांडले आणि त्यामागे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवली. ती पोलीस नाही, वकीलही नाही. ती ऐकते. मग तुझ्यापुढे वाटा कोणत्या आहेत ते सांगते: तक्रार, पोटगी, राहत्या घरातला हक्क, सासरी अडकलेले स्त्रीधन परत आणणे. स्त्रीधनासाठी पोलिसांना बरोबर घेऊन तिच्यासोबत सासरच्या दारात जाणे, हेही त्या टेबलाच्या कामात येते.

एक टेबल आणि एक खुर्ची. पण ती पोलीस व्यवस्थेच्या आत होती आणि तिथे बसणाऱ्या बाईचा पगार पोलीस देत नव्हते, म्हणून ती पोलिसांना ‘नाही’ म्हणू शकत होती. या रचनेत मोठी अक्कल आहे. पुढे काम डोळ्यांना दिसू लागल्यावर महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ते स्वीकारले, कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले आणि इतर राज्यांनीही ही पद्धत उचलली. धर्मादाय पैशाचा याहून चांगला उपयोग मला सांगता येणार नाही.

त्याच ‘टिस’चा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि कोठड्यांत काम करतो. त्याची गरज समजायला जामिनाचा व्यवहार माहीत हवा. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती, त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. यांतल्या कित्येकांना जामीन मंजूरही झालेला असतो. पण जामीन होणे आणि सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालय म्हणते, पंधरा हजारांचा एक सक्षम जामीनदार आणा. जामीनदाराने काय आणायचे? रेशनकार्ड, पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती, कधी सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला. गावाकडून मुंबईला आलेला, पुलाखाली झोपणारा पोरगा हे कोणाकडे मागणार? मग तो आत राहतो, आणि ज्या चोरीसाठी त्याला फार तर तितकीच शिक्षा झाली असती, तेवढे दिवस जामीन खिशात घेऊन काढतो.

१९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दंडाधिकाऱ्याने १० हजारांचा जामीन मागितला आणि भावाला जामीनदार म्हणून नाकारले, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली. त्यानंतर साडेचार दशकांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात पोचवा, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, म्हणजे ते स्वयंसेवकाला किंवा वकिलाला त्याच्याकडे पाठवतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेची वाट करून दिली आहे. चांगली तरतूद आहे. पण दिवस मोजणार कोण? कैद्याला कलम माहीत नाही, घरच्यांना तारीख माहीत नाही. इथे समाजकार्यकर्ता लागतो. तो बरॅकीत जाऊन विचारतो, तुझा जामीन कधी झाला, गावाकडे कोणाचा फोन नंबर पाठ आहे. मग तो शेठला भेटतो, मामाला बोलावतो, नाहीतर न्यायालयाला विनंती करतो की याला जातमुचलक्यावर सोडा. एकेका सुटकेमागे अशा दहा फेऱ्या असतात.

अनुदानातून काय घडू शकते याची माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट मात्र दक्षिण आफ्रिकेतली आहे. वर्णभेदाचे राज्य जोरात असताना, १९७९ मध्ये, जोहान्सबर्गला आर्थर चास्कलसन, फेलिशिया केंट्रिज आणि जेफ बडलेंडर यांनी ‘लीगल रिसोर्सेस सेंटर’ उघडले. चास्कलसन हे रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या बचाव-वकिलांपैकी एक. चांगली चाललेली वकिली सोडून ते इथे पगारावर आले, आणि पगाराचा पैसा आला फोर्ड, कार्नेगी आणि रॉकफेलर या अमेरिकी देणगीसंस्थांकडून. अन्याय्य कायद्यांच्या राज्यात कायद्याची मदत काय कामाची, असे तेव्हा अनेकांनी विचारले असणार. उत्तर एका कामगाराच्या खटल्याने दिले.

काळ्या माणसाला शहरात कायम राहायला परवानगी नव्हती. पण एका मालकाकडे सलग दहा वर्षे नोकरी केली तर ती मिळे. सरकारने यातून पळवाट काढली होती. कामगाराने दर वर्षी करार संपवून ‘गावी’ जायचे आणि नवा करार करून यायचे. झाली की मग नोकरी खंडित! दहा वर्षे कधी भरणारच नाहीत. मेहलोलो टॉम रिखोटो या कामगाराने याला आव्हान दिले आणि मे १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: मधली रजा म्हणजे खंड नव्हे. लाखाच्या वर कामगारांना या निकालाने शहरात राहायचा हक्क मिळण्याजोगा होता.

मिळण्याजोगा म्हटले, कारण हक्क पासबुकातल्या, म्हणजे काळ्या माणसाला जवळ बाळगाव्या लागणाऱ्या ओळखपुस्तिकेतल्या, शिक्क्याच्या रूपात मिळायचा, शिक्का प्रशासन मंडळाच्या खिडकीवर, आणि खिडकीवरचा कारकून मालकाची पत्रे, जुने करार, तारखा मागायचा. इथे ‘ब्लॅक सॅश’ या स्त्रियांच्या संघटनेची सल्ला केंद्रे उभी राहिली. १९५५ पासूनची ही संघटना, बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची. त्या रोज टेबलामागे बसून रांगेतल्या माणसाला सांगत: निकाल तुझ्या बाजूचा आहे, मालकाकडून हे पत्र आण, नाकारले तर नाव लिहून घे आणि परत ये. नाकारलेल्यांची प्रकरणे मग वकिलांकडे जात. खटला आणि सल्ला केंद्र ही एकाच कामाची दोन टोके होती. पास कायदे १९८६ मध्ये रद्द झाले. १९९४ मध्ये लोकशाही आली तेव्हा देशाच्या नव्या घटनात्मक न्यायालयाचे पहिले अध्यक्ष चास्कलसन झाले.

देणगीदारांच्या मर्जीवर न राहता असा पैसा उभारण्याची एक तऱ्हा कॅनडात सापडली. वकिलांकडे अशिलांचे पैसे तात्पुरते राहतात: घराच्या व्यवहाराचा बयाणा, तडजोडीची रक्कम. रकमा लहान, मुदत थोडी, म्हणून अशिलाला त्यावर हाती लागेल असे व्याज मिळत नसे. पैसा वापरायला मिळायचा तो बँकेला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९६९ मध्ये लॉ फाउंडेशन काढले आणि या एकत्रित खात्यांवरचे व्याज त्याच्याकडे वळवले. तिथून ते कायदा मदत आणि लोकांच्या कायदाशिक्षणासाठी अनुदान म्हणून जाते. व्हँकूवरमध्ये १९७२ पासून चालणारी ‘पीपल्स लॉ स्कूल’ ही सामान्य माणसाला कायदा शिकवणारी संस्था अशा पैशावर चालत आली आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये फ्लोरिडाने ही पद्धत घेतली, मग इतर राज्यांनी. ‘व्याज अशिलाचे, ते घेता कसे?’ हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पद्धत टिकली. तिलाही मर्यादा आहे. २००८च्या मंदीनंतर व्याजदर शून्याशी आले आणि हा झरा आटला, नेमका लोकांची घरे लिलावात जात होती तेव्हा. आपल्याकडे न्यायालये पक्षकारांना बसवलेला खर्च अनेकदा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला सांगतात, तोही याच विचारातला.

अनुदानाचा आटणारा झरा आपल्याला नवा नाही. ‘फंडिंग संपले’ हे शब्द या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकले आहेत. जून २०२४ च्या अखेरीस अनुदानाचे नक्की न झाल्याने खुद्द ‘टिस’ने शंभरावर कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा दिल्या, पैसा देणाऱ्या ट्रस्टकडून आश्वासन आल्यावर दोन दिवसांत त्या मागे घेतल्या. एवढ्या मोठ्या संस्थेची ही स्थिती, तर तालुक्यातल्या चार माणसांच्या संस्थेची काय असेल? परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला ती लहान संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तालुक्याच्या कितीतरी संस्था परदेशी अनुदानाच्या त्या दुसऱ्या टप्प्यावरच जगत होत्या. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, पैसा पाहावा तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, आरोग्य आहे, क्रीडा आहे, वारसा आहे. कायदेविषयक मदतीचा स्वतंत्र उल्लेख नाही. वाट काढता येते, पण वाट काढायला लागते.

शिवाय देणगीदाराला आकडा हवा असतो. किती शिबिरे, किती उपस्थित, किती पुस्तिका. मला हे आकडे मागणाऱ्यांचा राग नाही, पैशाचा हिशेब द्यायलाच हवा. पण एक वर्षाचा, फार तर तीन वर्षांचा प्रकल्प ज्याला मिळतो तो माणूस पहिले वर्ष विश्वास मिळवण्यात घालवतो, दुसऱ्या वर्षी काम करतो आणि तिसऱ्या वर्षी पुढची नोकरी शोधतो. वारस नोंदीच्या हरकतीची सुनावणी तेवढ्यात संपतेच असे नाही. चौथ्या वर्षी बाई पोच हातात घेऊन त्या संस्थेच्या दाराशी येते आणि दाराला कुलूप असते. हा विश्वासघात आहे, आणि तो देणगीदाराच्या नियोजनातून घडतो.

तेव्हा ज्यांच्या हातून देणग्या जातात त्या ट्रस्टच्या विश्वस्तांना, कंपन्यांच्या सीएसआर समित्यांना, वडिलांच्या स्मरणार्थ काही करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पुस्तिका छापायला पैसे देऊ नका. पुस्तिका पुष्कळ आहेत. एका माणसाचा पगार द्या. एका तालुक्यात, एका टेबलामागे, निदान पाच वर्षे. त्याचा एसटीचा पास आणि फोनचे बिल त्यात धरा. अहवालात त्याला एवढेच विचारा, की यंदा कोणाच्या हातात कोणता कागद पडला.

आणि देणगी देण्याच्या स्थितीत जे नाहीत त्यांनी हे लक्षात ठेवावे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा फोन क्रमांक १५१०० आहे. कुठल्याही स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, दिव्यांगाला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी त्यांचे उत्पन्न पाहिले जात नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला, रिक्षावाल्या दादांना हे आज सांगा. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.